आधी माश्या, मग पिल्लं : जंपिंग स्पायडरची पैदास आणि संगोपन

उड्या मारणाऱ्या कोळ्यांची जोडी जुळवणं हा या सगळ्या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. नर-मादी पूर्ण वाढलेले असले, मादीचं पोट भरलेलं असलं आणि उजेड चांगला असला, की पुढचं ते दोघं बघून घेतात. कसोटी लागते ती दीड ते तीन महिन्यांनी, घरट्यातून एकदम साठ-सत्तर पिल्लं बाहेर पडतात तेव्हा. एकेक पिल्लू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. प्रत्येकाला दर दोन-तीन दिवसांनी जिवंत, हलणारं आणि त्याला झेपेल एवढंच भक्ष्य लागतं. ते हाताशी नसेल तर पहिल्या पंधरवड्यातच मरतूक सुरू होते, आणि तेव्हा धावपळ करून काही उपयोग होत नाही, कारण माश्यांची बरणी तयार व्हायलाही दोन आठवडे लागतात. म्हणून पैदाशीची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची : आधी खाऊ, मग डब्या, आणि सगळ्यांत शेवटी जोडी. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

कोणती जात निवडावी

जंपिंग स्पायडर ज्यात मोडतात ते साल्टिसिडी हे कोळ्यांचं सर्वांत मोठं कुळ. त्यात सहा हजारांहून अधिक जाती आहेत. पाळणाऱ्यांमध्ये सर्वांत रुळलेली जात म्हणजे फिडिपस रीजियस. ती मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली आणि कॅरिबियन बेटांवरची. मादी दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढते, शांत असते आणि भरपूर अंडी घालते. तिचीच भाऊबंद फिडिपस ऑडॅक्स. दक्षिण आणि आग्नेय आशियातली हायलस डायार्डी आकाराने दणकट असते. प्लेक्सिपस पायकुली आणि हासारियस अडानसोनी या दोन जाती उष्ण प्रदेशांत जगभर माणसांच्या घरांच्या भिंतींवर राहतात, त्यामुळे त्या बंदिस्त जागेत चांगल्या रमतात. मात्र त्यांची पिल्लं आणखी बारीक असतात. पोर्शिया इतर कोळ्यांची शिकार करून जगतो आणि मुंग्यांचं सोंग घेणाऱ्या जाती नाजूक असतात. नवख्याने या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात बंदिस्त जागेत जन्मलेल्या, अर्धवट वाढलेल्या कोळ्यांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. बाहेरून पकडलेल्या मोठ्या मादीचं वय कळत नाही. ती आधीच फळलेली असू शकते, आणि मग नर न दाखवताही ती पिल्लं देते. शिवाय तिच्या पोटात परजीवी माशीची अळी किंवा सूत्रकृमी असण्याची शक्यता असते, आणि त्यावर इलाज नाही. कोळी पकडण्याबद्दल, आयात करण्याबद्दल किंवा विकण्याबद्दल तुमच्याकडे कोणते नियम आहेत तेही आधीच पाहून घ्या. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत याची खात्री हवी. त्यांचा मूळ प्रदेश माहीत असेल तर तोही लिहून ठेवा. दिसायला सारखे असलेले दोन कोळी एकाच जातीचे असतीलच असं नाही.

माश्यांच्या बरण्या

पिल्लांचा पहिला खाऊ म्हणजे ड्रोसोफिला, पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांचीच जात. पाळण्यासाठी तिचे न उडणारे वाण मिळतात. दोन जाती लागतील. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर साधारण दोन मिलिमीटरची असते. ती घरट्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांसाठी. ड्रोसोफिला हायडी साधारण तीन मिलिमीटरची. ती पिल्लांनी एक-दोनदा कात टाकल्यानंतर द्यायची. २५ अंश सेल्सिअसला मेलॅनोगॅस्टरची पिढी १० ते १४ दिवसांत तयार होते. हायडीला तीन आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. हायडीच्या बरणीत पहिले दोन आठवडे काहीच घडत नसल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जण ती नेमकी तेव्हाच फेकून देतात.

माश्यांचं अन्न घरी सहज होतं. एका पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग कुस्करा. त्यात चार मोठे चमचे दळलेले ओट्स, एक लहान चमचा साखर आणि दोन लहान चमचे व्हिनेगर घाला. पाणी घालून घट्टसर लापशी शिजवा. व्हिनेगरमुळे बुरशीला आळा बसतो, म्हणून ते वगळू नका. शिजवल्यामुळे केळ्यावर आधीपासून असलेली रानटी चिलटांची अंडीही मरतात. मिश्रण पूर्ण थंड झालं की बरणीच्या तळाशी दोन-अडीच सेंटिमीटर थर भरा आणि वर कोरड्या यीस्टची चिमूट टाका. बरणी उलटी धरली तरी मिश्रण हलता कामा नये. ते सैल राहिलं तर माश्या काढताना सगळा लगदा खाली येतो. आत घड्या घातलेला जाड कागद उभा ठेवा, कारण अळ्या त्यावर चढून कोष करतात. मग ३०-४० माश्या सोडून तोंड घट्ट विणीच्या कापडाने किंवा टिश्यू पेपरने बंद करा. झाकणावर तारीख लिहा.

दर आठवड्याला एक नवी बरणी लावायची. चार-पाच आठवड्यांनी जुनी बरणी टाकून द्यायची, मग तिच्यात थोड्या माश्या दिसत असल्या तरी. जुन्या बरण्यांत धान्यातले बारीक किडे, म्हणजे माइट, वाढतात आणि तिथून सगळ्या बरण्यांत पसरतात. बरण्या पाण्याच्या उथळ ताटात उभ्या ठेवल्या की माइटचा प्रसार बराच थांबतो. दुसरा धोका रानटी चिलटांचा. पंख खुरटे असण्याचा गुण बहुतेक वाणांत अप्रभावी जनुकातून येतो. त्यामुळे बाहेरचं एक चिलट आत शिरलं तरी पुढची पिढी उडणारी निघते. काही वाणांत तर खोली २८-२९ अंशांच्या वर गेली की माश्या थोड्याफार उडू लागतात. तेव्हा बरण्या सावलीत, हवेशीर आणि २२ ते २६ अंशांत ठेवा.

साठ-सत्तर पिल्लांसाठी मेलॅनोगॅस्टरच्या निदान चार बरण्या वेगवेगळ्या वयाच्या चालू हव्यात. हायडीच्याही दोन-तीन. ही साखळी महिनाभर न तुटता चालली, की मगच जोडीचा विचार करा. ज्याला महिनाभर माश्या सांभाळता येत नाहीत, त्याला पिल्लंही सांभाळता येणार नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मोठ्या कोळ्यांसाठी घरमाशी, निळी माशी, लहान रातकिडे, मेणकिडे (मेणपतंगाच्या अळ्या) आणि अधूनमधून मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) चालतात. मला माश्या सर्वांत पसंत आहेत. त्या उडतात, कोळ्याला पाठलाग करायला लावतात आणि कोळ्याला चावत नाहीत. माश्यांचे कोष थंड जागी ठेवून लागतील तसे थोडे थोडे उबेत काढता येतात. त्या बाहेर आल्या की त्यांना एक दिवस मध किंवा साखरपाणी पाजा आणि मगच कोळ्याला द्या. मेणकिडे चरबीयुक्त असतात, ते फक्त अशक्त कोळ्याला किंवा अंडी घातलेल्या मादीला द्यावेत. कीटकनाशक फवारलेल्या परिसरातले किडे पकडून आणू नका.

डबे आणि डब्या

जंपिंग स्पायडर आपलं रेशमी घरटं जवळजवळ नेहमी डब्याच्या सर्वांत वरच्या कोपऱ्यात विणतो. म्हणून झाकण वर असलेला डबा गैरसोयीचा, कारण दर वेळी उघडताना घरटं फाटतं. दार पुढून किंवा खालून उघडणारा डबा घ्या, नाहीतर साधी पारदर्शक बरणी उलटी करून वापरा. मोठ्या फिडिपससाठी १० × १० × १५ सेंटिमीटर ही किमान जागा. त्यापेक्षा थोडी मोठी चालेल, फार मोठी नको, कारण मग कोळ्याला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला कोळी. समोरासमोरच्या दोन बाजूंना हवेची छिद्रं ठेवा, एक खालच्या अंगाला आणि एक वरच्या, म्हणजे हवा खेळती राहते. कोंदट आणि ओला डबा बुरशी धरतो. बुरशीने कोळी मरतात, थोड्या कोरडेपणाने सहसा मरत नाहीत.

आत एक-दोन फांद्या, सालीचा तुकडा आणि वरच्या बाजूला एखादं मोठं कृत्रिम पान पुरे. तळाला कागद घाला, साफ करायला सोपा जातो.

उजेड हा मुद्दा मला इथे ठळकपणे सांगायचा आहे, कारण तो सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. हे कोळी जाळं विणून वाट पाहत नाहीत, डोळ्यांनी शिकार करतात. समोरचे दोन मोठे डोळे बारकावे टिपतात आणि बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या डब्यात कोळी घरट्यात बसून राहतो, खाणं सोडतो, आणि पाळणारा समजतो की तो आजारी आहे. दिवसाला १० ते १२ तास चांगला उजेड द्या. डब्याच्या वर साधा एलईडी दिवा असला तरी भागतं. थेट ऊन मात्र नको. लहान बंद डबी उन्हात काही मिनिटांत जीवघेणी तापते. तापमान दिवसा २४ ते २८ अंश ठेवा, रात्री चार-पाच अंशांनी उतरलं तरी बिघडत नाही.

पाण्याची वाटी ठेवू नका. एक-दोन दिवसांआड डब्याच्या एका भिंतीवर बारीक तुषार मारा, कोळी त्यातले थेंब पितो. पाण्याचा संबंध थेट उडीशी आहे. कोळ्याच्या पायांत ते लांबवणारे स्नायू पुरेसे नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून तो मागचे पाय ताणतो आणि झेप घेतो. पाणी कमी पडलं की दाब उतरतो, उडी चुकते, आणि पुढे पाय आत वळू लागतात.

पिल्लांसाठी ३० ते ६० मिलिलिटरच्या पारदर्शक डब्या लागतील, जितकी पिल्लं अपेक्षित तितक्या. त्यांची छिद्रं तापवलेल्या बारीक सुईने पाडा. एक मिलिमीटरच्या छिद्रातूनही पहिल्या अवस्थेतलं पिल्लू निसटतं. झाकणाला मोठं छिद्र पाडून त्यावर अतिबारीक जाळी चिकटवली तर हवा जास्त चांगली खेळते. एका कडेला लहान छिद्र ठेवून त्यात स्पंजचा बोळा बसवा, म्हणजे डबी न उघडता माश्या आत सोडता येतात. साठ डब्या उघडझाक करायच्या असतील तेव्हा या एका बोळ्याने रोजचा अर्धा वेळ वाचतो.

नर, मादी आणि त्यांच्या वयाचा मेळ

नराची खूण पेडिपाल्पांवर दिसते. तोंडाजवळच्या या छोट्या पायांसारख्या अवयवांची टोकं शेवटच्या कातीच्या आधी फुगतात, आणि पूर्ण वाढलेला नर मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घातल्यासारखा दिसतो. मादीचे पाल्प शेवटपर्यंत सडपातळ राहतात. तिच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, एक लहान गडद ठिपका उमटतो. शेवटच्या कातीनंतर तो ठळक आणि कडक होतो. डबीच्या तळातून भिंगाने पाहिलं तर कोळ्याला हात न लावता हे तपासता येतं.

एकाच वेळी जन्मलेले भाऊ-बहीण एकाच वेळी वयात येत नाहीत. नर सहसा एखादी कात कमी टाकतो आणि महिना-दीड महिना आधी तयार होतो. आयुष्यही त्याचं कमी. फिडिपस रीजियसचा नर वर्षभराच्या आसपास जगतो, मादी त्याहून काही महिने जास्त, क्वचित दोन वर्षांपर्यंत. म्हणून जोडी ठरवली की नराला थोडं थंड बाजूला, २२-२३ अंशांत ठेवून खाणं कमी द्या, आणि मादीला उबेत ठेवून पोटभर घाला. नर उपाशी मारायचा नाही, फक्त त्याची घाई कमी करायची.

शक्य असेल तर नर दुसऱ्या कुटुंबातला घ्या. एका पिढीत भाऊ-बहिणीची जोडी लावली तर लगेच काही दिसत नाही, पण पिढ्यानपिढ्या तेच केलं की फुकट जाणारी अंडी आणि कात अडकणारी पिल्लं वाढू शकतात. प्रत्येक डब्यावर आई-बापाची नोंद ठेवण्याची सवय पहिल्या पिढीपासूनच लावा.

जोडी जुळवताना

शेवटच्या कातीनंतर मादीला निदान दोन आठवडे द्या. त्या काळात तिने चांगलं खाल्लेलं असावं. नरालाही आठवडा-दोन आठवडे लागतात. या काळात तो एक छोटं जाळं विणून त्यावर शुक्रद्रव सोडतो आणि तो पाल्पांमध्ये भरून घेतो. ते जाळं तुम्हाला दिसेलच असं नाही.

आदल्या दिवशी दोघांनाही पोटभर खायला द्या, मादीला थोडं जास्तच. सकाळी किंवा दुपारी, भरपूर उजेडात, दोन्ही डबे शेजारी ठेवा आणि दोघांना काचेतून एकमेकांना पाहू द्या. नराने पुढचे पाय वर करून डोलायला सुरुवात केली की समजावं, त्याने तिला ओळखलं. मग नराला मादीच्या डब्यात, तिच्यापासून शक्य तितक्या लांब सोडा. मादीला नराकडे नेऊ नका. नव्या जागेत ती बावरते आणि आक्रमक होते. हातात मऊ कुंचला तयार ठेवा.

नर नागमोडी चालीने पुढे सरकतो, थांबतो, पाय उंचावतो, पोट थरथरवतो. यातला काही भाग डोळ्यांसाठी असतो आणि काही पायांखालून जाणाऱ्या कंपनांसाठी. मादी पाय आखडून खाली दबून बसली, तर तिची तयारी आहे. तिने पुढचे पाय उंच करून त्याच्यावर झेप घेतली, तर नकार. एक-दोन झेपा चालतात, नर मागे उडी मारून पुन्हा येतो. ती पाठलाग करून त्याला कोपऱ्यात गाठू लागली तर कुंचला मध्ये घालून नर बाहेर काढा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. अर्ध्या तासात काहीच हालचाल झाली नाही तरी तेच करा.

जमलं तर नर तिच्या पाठीवर चढतो, तिचं पोट एका अंगाला वळवतो आणि एक पाल्प लावतो, मग दुसऱ्या अंगाला दुसरा. हे काही मिनिटांत आटपतं किंवा तासाहून जास्त चालतं. त्या काळात डबा हलवू नका. दोघं वेगळे झाले की नर लगेच काढून घ्या, कारण धोका सर्वांत जास्त तेव्हाच असतो.

मादी घरट्यातून बाहेरच येत नसेल तर? तरीही जमू शकतं. कोळ्यांचे अभ्यासक रॉबर्ट जॅक्सन यांनी १९७७ मध्ये फिडिपस जॉन्सोनी या जातीबद्दल दाखवलं, की नर परिस्थितीप्रमाणे रीत बदलतो. मादी उघड्यावर असेल तर तो तिच्यासमोर नाचतो. ती घरट्यात असेल तर रेशमावर कंपनं देतो. आणि ती अजून वयात आली नसेल तर तिच्या घरट्याला जोडून दुसरं घरटं विणतो आणि तिची शेवटची कात होईपर्यंत तिथेच राहतो. शेवटची रीत निसर्गात चालते. बंद डब्यात, दोघांपैकी एकाची कात चालू असताना, मी ती जोखीम घेत नाही.

अंडी आणि आई

एकदा मिळालेला शुक्रद्रव मादी शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक अंड्यांच्या अनेक पिशव्या घालते. मिलनानंतर दोन ते सहा आठवड्यांत ती नेहमीपेक्षा जाड, पांढरं, अपारदर्शक घरटं विणते आणि आत शिरून बसते. तोवर तिची भूक वाढलेली असते, पोट तट्ट होतं. हवं तेवढं खाऊ घाला, पण घरट्याचं दार बंद झालेलं दिसलं की डबा जागेवरून हलवायचा नाही. पिशवीत काही डझनांपासून शंभरावर अंडी असतात. पुढच्या पिशव्या बहुधा लहान होत जातात.

या काळात बहुतेकांना पिशवी उघडून पाहायचा मोह होतो. पाहू नका. अंडी बारीक रेशमात बांधलेली असतात, पिशवी फाटली की ती सुकतात किंवा बुरशी धरतात. सतत छेडलेली मादी अंडी खाऊनही टाकते. फळलेली नसलेली मादीसुद्धा पिशवी घालते. त्यातून काही निघत नाही आणि काही आठवड्यांनी ती स्वतःच ती सोडून देते. एखादी मादी पहिली पिशवी खाऊन दुसरी नीट सांभाळते, तेव्हा एका पिशवीवरून तिच्याबद्दल मत बनवू नका.

आई घरट्याच्या दारात बसून राखण करते आणि बरेच दिवस खात नाही. दोन-तीन दिवसांआड घरट्याजवळच्या भिंतीवर, घरटं भिजणार नाही अशा बेताने, तुषार मारा. आठवड्यातून एकदा एखादी माशी सोडून पाहा. ती नको असेल तर माशी फिरत राहील, काही नुकसान नाही. रातकिडा मात्र या काळात डब्यात कधीच ठेवू नका. तो रेशीम कुरतडतो, अंडी खातो आणि थकलेल्या मादीलाही चावतो.

जंपिंग स्पायडरांमध्ये आईची माया किती दूर जाते याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. टॉक्सियस मॅग्नस या मुंगीसारख्या दिसणाऱ्या जातीत आई पिल्लांना शरीरातून दुधासारखा पौष्टिक द्रव पाजते. पहिले वीसेक दिवस पिल्लं केवळ त्यावर वाढतात. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. फिडिपसची मादी असं काही करत नाही, पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती जागची हलत नाही, आणि तिला त्रास न देणं एवढं तर आपल्या हातात असतं.

पिल्लं बाहेर पडतात तेव्हा

अंडी घातल्यापासून पिल्लं घरट्याबाहेर येईपर्यंत २५-२६ अंशांत साधारण चार ते सहा आठवडे जातात. अंड्यातून ती आधीच निघालेली असतात. पण तेव्हा ती फिकट आणि जवळजवळ निश्चल असतात, अंड्यातल्या बलकावर जगतात आणि पहिली कात पिशवीतच टाकतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतर हवेची सगळी छिद्रं अतिबारीक जाळीने झाका. रात्रीतून खोलीभर पसरलेली पिल्लं परत गोळा होत नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांना तीन-चार दिवस आईबरोबरच राहू द्या. पोट भरलेली आई त्यांना सहसा खात नाही. डब्यात मेलॅनोगॅस्टर भरपूर सोडा. काही पिल्लं पहिल्याच दिवशी झडप घालतात, काही दोन दिवस नुसती बघत बसतात.

वेगळी करण्याचं काम दिवसा आणि घाई नसताना करावं. मोठा पांढरा टब घ्या, त्यात डबा ठेवून उघडा, आणि भोवती रिकाम्या डब्या मांडा. पिल्लं उजेडाकडे आणि वर चढतात. डब्याच्या उजेडाकडच्या काठावर ती आपोआप जमतात, तिथून कुंचल्याने हळूच एकेकाला डबीत ढकलायचं. उडी मारलेलं पिल्लू रेशमाच्या धाग्यावर लोंबकळतं. तो धागा कुंचल्यावर घेतला की पिल्लू अलगद उचलता येतं. चिमटा वापरू नका. शेवटी आईला नव्या स्वच्छ डब्यात हलवा आणि चांगलं खाऊ घाला. काही आठवड्यांत ती पुढची पिशवी घालू शकते, मग दुसऱ्या फळीसाठी डब्या उरल्या आहेत का हे आताच मोजा.

सगळी पिल्लं एकत्रच वाढवली तर? एक-दोन कातींपर्यंत, भरपूर माश्या असतील तर, ती एकमेकांना फारशी खात नाहीत. त्यानंतर मोठी पिल्लं लहानांना, आणि विशेषतः कात टाकणाऱ्यांना, खाऊ लागतात. उरतात ती जोमदार असतात असं समर्थन मी पुष्कळदा ऐकलं आहे, ते मला पटत नाही. जी पिल्लं जन्माला घालायचं आपण ठरवलं, त्यांना स्वतंत्र जागा देणं आपलंच काम आहे. जागा नसेल तर जोडीच लावू नये.

वाढवणं आणि कात

प्रत्येक पिल्लाला दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन माश्या. माश्या काढण्याआधी बरणी दोन-तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की त्या सुस्त होतात आणि मोजून देता येतात. भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा फार मोठं नको, दीडपट ही वरची मर्यादा. किती द्यायचं हे वेळापत्रकापेक्षा पोट सांगतं. ते चपटं किंवा सुरकुतलेलं असेल तर भूक किंवा तहान, गोल असेल तर ठीक. ताणून चकचकीत झालं असेल तर चार-पाच दिवस काही देऊ नका, कारण भरगच्च पोटाचा कोळी उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं. पाणी म्हणजे भिंतीवर कुंचल्याने उमटवलेले बारीक ठिपके. मोठ्या थेंबाच्या पृष्ठताणात पिल्लू अडकून बुडतं.

एक दिवस पिल्लू घरट्यात शिरतं, दारं विणून बंद करतं आणि खाणं सोडतं. ही कातीची तयारी. लहान वयात ती दोन-चार दिवसांची, मोठेपणी आठवडा-दीड आठवड्याची आणि शेवटच्या कातीआधी कधी तीन आठवड्यांचीही असते. या काळात उरलेलं भक्ष्य काढून टाका, तुषार थोडे जास्त मारा आणि घरट्याला हात लावू नका. जुनी कात बाजूला पडलेली दिसली तरी लगेच खायला देऊ नका. जबड्यांचे सुळे कडक आणि गडद व्हायला दोन-तीन दिवस लागतात, मोठ्या कोळ्याला चार-पाच. आधीच्या मारामारीत तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हा येतो, आधी आखूड आणि बारीक, मग पूर्ण. पूर्ण वाढलेल्या कोळ्याची कात संपलेली असते, त्यामुळे त्याचा पाय परत येत नाही.

मेलॅनोगॅस्टरवरून हायडीवर आणि हायडीवरून घरमाशीवर जाताना एकदम बदल करू नका. पिल्लू नव्या भक्ष्यासमोर मागे सरकत असेल तर अजून एक कात जाऊ द्या. सलग महिनोन्महिने एकच प्रकारची माशी दिल्यापेक्षा दोन-तीन प्रकार आलटून पालटून दिलेली पिल्लं चांगली वाढतात. फिडिपस रीजियस साधारण अर्ध्या वर्षापासून वर्षभरात वयात येतो. जास्त उब आणि जास्त खाणं म्हणजे लवकर वाढ आणि लवकर म्हातारपण. मला सावकाश वाढवलेले कोळी आवडतात.

बिघडलं तर

पाय आत वळलेले, पोट आक्रसलेलं, हालचाल मंद, ही पाणी कमी पडल्याची लक्षणं. ओल्या टिश्यूचा तुकडा घातलेल्या छोट्या डबीत २६-२७ अंशांत त्याला काही तास ठेवा आणि कुंचल्याच्या टोकावरचा थेंब तोंडापाशी धरा. वेळेवर लक्षात आलं तर कोळी आश्चर्यकारकरीत्या सावरतो. पोटाला किंवा पायाला जखम होऊन द्रव गळत असेल तर कॉर्नस्टार्चची चिमूट त्यावर टेकवा, गळती थांबू शकते. कात अडकली तर ती ओढू नका. ओलावा वाढवा आणि वाट पाहा.

पाय झटके देत असतील, कोळी उलटा पडून थरथरत असेल, तर बहुधा विषबाधा. डास किंवा झुरळं मारणारी फवारणी, डास पळवणारी द्रवयंत्रं आणि पाळीव प्राण्यांच्या पिसवांवरची औषधं यांतली बरीच रसायनं कोळ्यांना कीटकांइतकीच मारक असतात. ज्या खोलीत कोळी आहेत तिथे यातलं काहीही वापरू नका, औषध लावलेल्या हातांनी डबे उघडू नका. तळावर बारीक पांढरे माइट फिरताना दिसले तर कोळी नव्या डब्यात हलवा आणि जुन्यातलं सगळं सामान उकळत्या पाण्यातून काढा किंवा फेकून द्या.

जास्तीची पिल्लं

सगळी पिल्लं स्वतः ठेवणं क्वचितच जमतं. ती घेणारे लोक जोडी लावण्याआधीच शोधून ठेवा. परप्रदेशातली जात मोकळी सोडणं हा पर्याय नाही, आणि स्थानिक असली तरी बंदिस्त वाढलेली पिल्लं, त्यांच्या अंगावरचे माइट आणि जंतूंसकट, बाहेर सोडू नयेत. दुसऱ्याला देण्यासाठी निदान दोन-तीनदा कात टाकलेलं, स्वतः शिकार करणारं पिल्लू निवडा. नुकतंच घरट्यात कोंडून घेतलेलं नको. निघायच्या आदल्या दिवशी खायला आणि पाणी द्या. लहान डबीत टिश्यूची सैल घडी घाला, म्हणजे पकडायला आधार मिळतो. तुषार मारू नका, प्रवासात ओल्या भिंतीला पिल्लू चिकटतं. डबी कापसात गुंडाळून कडक खोक्यात ठेवा आणि उन्हाळ्याच्या दुपारचा किंवा कडक थंडीचा प्रवास टाळा. सोबत चिठ्ठी द्या : जात, जन्माची तारीख, आतापर्यंतच्या काती, शेवटचं खाणं कधी दिलं, आणि आई-बाप कुठल्या कुटुंबातले. हायडीची एक चालू बरणीही बरोबर द्या, नव्या घरी पहिल्या दिवसापासून खाऊ हाताशी असेल.